जुन्या चादरीवर मांडलेलं इंजिन

सोलापूरला जाऊन काय काय पाहिलंत, असं परतल्यापासून जो तो विचारतोय. किल्ला? नाही. तलावातलं सिद्धेश्वराचं देऊळ? रिक्षातून, ओझरतं. चादरी आणल्या का? एक पाहिली, तीही काळ्या तेलाने माखलेली. मग इतके दिवस केलंत तरी काय? तर सात रस्त्यामागच्या एका बोळात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, मी माझ्या गाडीचं पोट उघडलेलं पाहिलं. ज्यांच्या दारात जुनी डिझेल गाडी उभी आहे त्यांना ही हकीकत जरा जास्त लागू पडेल.

आधी आमची ओळख करून देते. आम्ही चिपळूणचे. मी बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलं आणि निवृत्त झाले. आमचे हे पोस्टात होते. गाडी मात्र माझी. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी चालवायला शिकले आणि स्वतःच्या पगारातून घेतली. त्या वेळी आळीतली माणसं गॅलरीत येऊन बघत होती. ह्यांना गाडी येत नाही. ते शेजारी बसून चालवतात.

गाडीला आता बारा वर्षं झाली होती. मीटरवरचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा दोन वर्षांपूर्वी लागला तो लागलाच. चिपळुणात तीन गॅरेजं झाली. पहिल्याने सेन्सर बदलला, दुसऱ्याने तो बदललेला सेन्सर बदलला, आणि तिसरा म्हणाला, "काकू, गाडी चालतेय ना? मग दिव्याकडे बघूच नका." त्याचेही त्याने पैसे घेतले. पण तीन सल्ल्यांत तोच स्वस्त होता, म्हणून मला पटला. तरी तो दिवा डोळ्यात टोचायचाच. एक दिवस वैतागून मी पर्समधली मोठी मरून टिकली काढली आणि मीटरवर चिकटवली. आम्हा बायकांना काढलेली टिकली आरशाला चिकटवायची सवय असतेच. मीटरच्या काचेला चिकटवली तर बिघडलं कुठे, असं तेव्हा वाटलं.

उजनीच्या पाण्याकाठी

फेब्रुवारी संपत आला होता आणि मला रोहित पक्षी बघायचे होते. म्हणून कुंभार्ली घाट चढून, सबंध दिवस गाडी चालवून, गुरुवारी संध्याकाळी करमाळ्याच्या बाजूला धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावात उतरलो. कोकणातून आलेल्या माणसाला तिथल्या दोन गोष्टींची गंमत वाटते. एक म्हणजे एवढं पाणी, पण लाट नाही, भरती नाही, खारा वास नाही. दुसरी म्हणजे पाण्याला लागूनच ऊस आणि केळी, आणि चार मैल आत गेलं की बोडका माळ.

होडीवाल्याच्या घरीच जेवण होतं. त्याच्या बायकोने चिलापीचं कालवण आणि बाजरीची भाकरी वाढली. आम्ही चिपळूणची माणसं गोड्या पाण्यातल्या माशाला मासा म्हणायलाच तयार नसतो. मी पहिला घास जरा अंदाज घेतच खाल्ला. ते तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"समुद्राचा मासा मीठ घिऊनच येतो की ताई," ती म्हणाली, "आमच्याला आमी घालतो. लागलं का नीट?"

नीट म्हणजे काय! ह्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि घरी मी केलेल्या भाकरीवर जे कधी बोलत नाहीत ते तिच्या भाकरीवर बोलले.

सकाळी होडीतून पक्षी पाहिले. शेकडो होते, उथळ पाण्यात माना खाली घालून चरत होते. होडी जवळ गेली तसे सगळे मिळून चार पावलं पळाले आणि उडाले, आणि पंखांखालचा लाल रंग एकदम उघडा पडला. मी कॅमेरा हातात धरून नुसती बघत राहिले. फोटो एकही नाही.

निघताना होडीवाला गाडीपाशी आला. "सावकाश जावा बरं का. आमच्या रस्त्याला बरगड्या हायत," म्हणाला. बरगड्या म्हणजे पाइप. तिथे ज्याची त्याची मोटर पाण्यात असते आणि पाइप रस्ता ओलांडून त्याच्या त्याच्या शेतात जातो. पाइप फुटू नये म्हणून त्यावर दगड रचतात, दगडांवर माती ओढतात. दर शंभर पावलांवर एक उंचवटा. ट्रॅक्टरला आणि मोटरसायकलला त्याचं काही नाही. माझी गाडी बुटकी. पंधरा-वीस बरगड्या मी अगदी जपून ओलांडल्या, आणि डांबरी रस्ता समोर दिसायला लागल्यावर शेवटच्या बरगडीवर घाई केली. खालून ठक् असा आवाज आला.

"काहीतरी लागलं," हे म्हणाले. "थांब, मी उतरून बघतो."

"काही नाही, दगड उडाला," मी म्हटलं आणि थांबले नाही. नवऱ्याने उतरून गाडीखाली बघावं आणि मला शहाणपण शिकवावं, हे मला त्या सुंदर सकाळी नको होतं. खरं कारण एवढंच.

मोहोळच्या पुढे

सोलापूर बघायचं म्हणून हायवेला लागलो. बाहेर ऊन असं की मार्च अजून यायचाय हे पटेना. मोहोळ गेलं आणि इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली. मी रेडिओ मोठा केला. हेही मी कबूल करते. थोड्या वेळाने टकटकीची ठोकाठोक झाली, गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली, आणि मी ती कशीबशी कडेला घेतली. किल्ली फिरवली तर इंजिन जागचं हलेना.

मग मला कसं कोण जाणे ते आठवलं. मी नखाने टिकली उचकटली. खाली दोन दिवे जळत होते. एक नेहमीचा पिवळा, आणि त्याला चिकटून तेलाच्या किटलीचं चित्र असलेला लालभडक. माझी टिकली मोठी होती. तिने दोन्ही झाकले होते.

हे काहीच बोलले नाहीत. सदतीस वर्षांच्या संसारात बोलायची एवढी आयती संधी त्यांना कधी मिळाली नव्हती, तरी बोलले नाहीत. त्यांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मला त्याचंच जास्त रडू आलं.

एका टेम्पोवाल्याने दोर बांधून गाडी ओढत सोलापुरात आणली. वाटेत कुठे सोडू असं विचारून त्याचा तोच म्हणाला, "हसनभाईकडं टाकू. दुसरे इंजिन बघत्यात, हसनभाई मालकाला दावत्यात." त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

सात रस्त्यामागचा बोळ

सात रस्त्यावर सोलापूरची सगळी वाहनं एकमेकांना काहीतरी विचारायला जमल्यासारखी अडकून असतात. तिथून दोन वळणं आत गेलं की एक बोळ, आणि बोळात कडुलिंबाखाली हसनभाईंचं गॅरेज. साठीचा माणूस, दाढी पांढरी, हात काळे. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, "मालक कोण?"

हे माझ्याकडे बघायला लागले. हसनभाईंनी क्षणभर दोघांकडे पाहिलं, आतून खुर्ची आणली, फडक्याने पुसली आणि माझ्यासाठी गाडीच्या नाकासमोर ठेवली.

"उद्या सक्काळी नऊला हितं बसायचं मॅडम. तुम्ही बसल्याबिगर मी बोल्ट ढिला करणार नै. तुम्ही चहाला उठलात तर माझा पाना खाली."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण हा त्यांचा नेमच होता. तरुणपणी एका गिऱ्हाइकाने त्यांच्यावर आळ घेतला होता की नवा पंप काढून जुना बसवला. खोटाच आळ, पण बाजारभर झाला. त्या दिवसापासून मालक समोर असल्याशिवाय इंजिन उघडायचं नाही. शिवाय प्रत्येक गाडीला एक चादर. जमिनीवर जुनी सोलापुरी चादर अंथरायची आणि निघालेला एकेक भाग त्यावर ओळीने मांडायचा. एका चादरीवरचा नट दुसरीवर जायचा नाही. आमच्या चिपळुणात गाडी गॅरेजला सोडून घरी यायचं असतं. मग एक फोन येतो आणि त्यात फक्त एक आकडा असतो. आकड्यामागे काय आहे ते विचारायचं धाडस निदान मला तरी कधी झालं नाही.

शनिवारी नऊला मी खुर्चीत बसले. ह्यांनी मागे स्टूल घेतलं. हसनभाई बोल्ट काढत गेले, दाखवत गेले, मांडत गेले. अकराच्या सुमारास खालचं तेलाचं भांडं निघालं. त्याला बोटभर चीर होती. पाइपावरच्या दगडाची ती खूण. उरलेल्या चमचाभर तेलातला एक थेंब त्यांनी माझ्या तळहातावर सोडला आणि उन्हात धरायला सांगितलं. काळ्या थेंबात चंदेरी कणी चमचमत होती. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचले होते. हा वाचायला भिंगसुद्धा लागलं नाही.

"बेरिंग वितळलंय," ते म्हणाले. "क्रँकला चरे गेलेत. वरचं सगळं चांगलंय, हेड तर एकदम साफ. पण खालचं गेलं."

"दुरुस्त होईल?"

"होईल की. न व्हायला काय झालं? पुण्यावरनं सामान मागवायचं, महिना धरा. पण मॅडम, खर्च सांगतो तो ऐकून घ्या मग बोला." त्यांनी सांगितला. आज ती गाडी विकली असती तर जेवढे आले असते त्याच्याहून जास्त होता.

"करा," मी म्हटलं.

"अगं, जरा विचार तर कर," हे म्हणाले.

"करा," मी पुन्हा म्हटलं. मला माझा राग आला होता, आणि राग आलेलं माणूस पैसे मोजत नाही. शिवाय ती गाडी होती म्हणून मी माझ्या आईला शेवटच्या वर्षात दर आठवड्याला गुहागरला जाऊन भेटू शकले होते. ती भंगारात घालायची म्हणजे काय!

त्या कडुलिंबाखाली बसलं की कळतं, जगात दुःखी आपण एकटेच नाही. बाकावर दोघे-तिघे गाडीवाले सकाळपासून होते. एका तेलुगू बोलणाऱ्या टॉवेल कारखानदाराची महागडी गाडी चार महिन्यांत तिसऱ्यांदा गरम झाली होती. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्याला दरवेळी कॉफी देत आणि गाडीचा नवीन भाग बदलत. "कॉफी एकच नंबर," तो म्हणाला, "पण त्या कॉफीत माझा एक माग गेला बघा." एका वकिलांना तर कुणी सांगितलं होतं की इंजिन खराब नाही, तुमच्या चालवण्यातच दोष आहे. कोर्टात सगळ्यांना गप्प करणारा माणूस, पण गाडीच्या बाबतीत त्यांना उलटतपासणी करता येत नव्हती. सगळ्यांचं दुखणं एकच. पैसे जातात ते जातात, पण आपल्याला काही कळत नाही आणि समोरच्याला ते कळलेलं असतं.

दुसरी चादर

माझ्या चादरीच्या शेजारी आणखी एक चादर अंथरलेली होती, आणि तिच्यासमोर खुर्चीत न बसता उकिडवा बसलेला एक माणूस होता. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, डोक्याला रुमाल. नाव बिरदेव, पण सगळे बिरू म्हणत. मंगळवेढ्याच्या पलीकडच्या माळावरच्या वस्तीतला. घरी मेंढरं, थोडी जिरायत, आणि दोन वर्षांपूर्वी घेतलेली जुनी सात माणसांची गाडी. आईचे डोळे दाखवायला सोलापूरला आला आणि परतीच्या वाटेवर गाडी उकळली. आईला एसटीत बसवून दिली आणि हा गाडीपाशी राहिला.

दुपारी त्याने फडकं सोडलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. आमच्यापुढे न विचारता ठेवलं. कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि आठवडाभर टिकते. भातावर वाढलेल्या आम्हाला ती चावायला वेळ लागला, पण चटणीबरोबर जी चव लागली ती अजून तोंडात आहे.

"तुमच्या गाडीला काय झालं?" मी विचारलं.

"माझीच चूक हो ताई," तो म्हणाला. "वाफा निघाय लागल्या. मला वाटलं, तापलीया, तान्हेली आसंल बिचारी. मेंढरास्नी पाजायचा पाण्याचा कॅन गाडीत हुता, गारगार पाणी. दिलं वतून. तर आतनं कुईं करून आवाज आला. तान्हेल्याला पाणी दिलं आन् जीव गेला बघा तिचा."

उकळत्या इंजिनात गार पाणी. हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या अर्ध्या भागाला, केसाएवढी चीर गेली होती. चादरीवर ते हेड होतं आणि हसनभाईंनी चिरेवर खडूने खूण केली होती. जिथे पाण्याचा थेंबन् थेंब जपतात तिथल्या माणसाने चांगल्या मनाने पाणी द्यावं आणि त्यानेच घात व्हावा, ह्याला काय म्हणायचं? मला माझ्या टिकलीची लाज वाटली. त्याची चूक दयेची होती, माझी नुसत्या कंटाळ्याची.

"नवीन हेड?"

"पुण्यात पण न्हाय म्हणत्यात. आठ-दहा दिवस लागतील." त्याने भाकरीच्या फडक्याची गाठ मारली. "आन् सोमवारी पोरींचा पेपर हाय."

मग सगळं बाहेर आलं. वस्तीवरच्या पाच मुली बारावीला होत्या. त्यातली एक, काजल, त्याची भाची. वस्तीवर एसटी येते ती साडेनऊला, आणि तालुक्याच्या गावात टेकते अकराला. पेपर अकराचा, गेट साडेदहाला बंद. म्हणून दोन वर्षं हा त्यांना कॉलेजला नेत-आणत होता, आणि गाडीही मुळात त्याने त्याचसाठी घेतली होती. पहिल्या पेपरला गाडी इथे पडलेली. शेजाऱ्याच्या पिकअपमधून, मागे उभ्याने, पोरी निघाल्या. वाटेत चाक बसलं. गेट लावता लावता आत शिरल्या. काजल अर्धा पेपर रडत होती.

"त्या सांजेला तिघींचे बाप म्हणले, बास झालं आता शिक्षान. परत आसं झालं तर पोरी मेंढराकडं. वस्तीवरची एक बी पोर अजून बारावी पास न्हाय ताई. ह्या पाचच पैल्या."

"अहो, मग सोमवारी भाड्याची गाडी करू या," हे मध्येच म्हणाले. "आम्ही पैसे देतो."

बिरूने हात जोडले. "सोमवारी तुमी द्याल. पर अजून पाच पेपर हायत. आन् पैशाचं न्हाय हो. पोरींचे बाप माझ्या गाडीत बसवत्यात, कारण म्या हाय. दुसरा डायवर म्हणलं की पोरी घरातच. त्यास्नी तरी काय बोलावं? पोरीचा बाप म्या बी हाय."

"वेल्डिंग करून नाही भागणार?" मी हसनभाईंना विचारलं.

"करून देणारे गावात लई हायत. पण पाच पोरी बसवायच्या गाडीत वेल्डिंगचं हेड मी नै देणार," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता कामाला लागले. सकाळपासून प्रत्येक नट माझ्या डोळ्यांसमोर धरणारा माणूस आता मान वर करेना.

शनिवार, दुपारचे तीन

मी खुर्चीत बसून होते. करायला काही नव्हतं, म्हणून बघत होते. लॅबमध्ये एकाच काचेकडे तासन् तास बघायची सवय. डावीकडे माझी चादर, उजवीकडे बिरूची. माझी बुटकी गाडी, त्याची लांबडी. दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या. पण चादरीवरचे भाग बघत गेले तसं माझ्या लक्षात यायला लागलं. तीच भोकं, तेवढीच. तोच कोपरा कापल्यासारखा. माझ्या हेडच्या कडेला जी अक्षरं होती तीच बिरूच्या हेडवर होती.

"हसनभाई," मी म्हटलं, "ही दोन्ही इंजिनं एकच आहेत का?"

त्यांनी पाना खाली ठेवला. "चार कंपन्यांच्या गाड्यांत हेच इंजिन येतं. बाहेरनं नाव अलग, पोटात एकच."

"मग माझं हेड ह्यांना बसेल?"

"बसंल." त्यांनी फडक्याने हात पुसले. "कालपासून मला मालूम होतं. पण मी नै बोलणार. एका चादरीवरचा माल दुसऱ्या चादरीला मागायचा नै. तीस वर्षांत कधी मागितला नै."

मग मीच विचारलं. हेड काढून दिलं, तर माझ्या गाडीचं काय? खालचं गेलेलं, वरचं दिलेलं. दोन्ही नवं घालायचं तर खर्च आमच्या ऐपतीबाहेरचा, मग दुरुस्तीला उरतच नाही. भंगार.

मी खोटं लिहीत नाही. मला गाडी द्यायची नव्हती. एक मन म्हणत होतं, हे तुझं काम नाही, तू पक्षी बघायला आली होतीस. मी उठले आणि जाऊन गाडीत बसले. आत भट्टी होती. सीटवर ह्यांची टोपी, दारात आईच्या औषधाची जुनी चिठ्ठी. ती चिठ्ठी कधीची तिथे होती, मी काढलीच नव्हती. पाच मिनिटं बसून मी मनसोक्त रडले.

हे खिडकीशी आले. "गाडी तुझी आहे," म्हणाले. "मी एक अक्षर बोलणार नाही."

"बोला की. आजवर कधी थांबलात?"

"मग ऐक. हेड ठेवलंस तर महिन्याभराने तुझी गाडी नीट होईल. त्यांचा पेपर महिन्याभराने होणार नाही."

मी चिठ्ठी पर्समध्ये घातली आणि उतरले.

बिरू ऐकेचना. "न्हाय न्हाय ताई. तुमची गाडी मारून माझी जगवायची? पाप लागंल."

"बिरूभाऊ, ती मी मारलीय. काल, मोहोळच्या पुढे. तुमचा त्यात काही संबंध नाही."

त्याने डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाला, "फुकट न्हाय घेणार. फुकटचं गाडीला लागत न्हाय." किंमत हसनभाईंनी सांगितली, दोघांना चालली. माझ्या गाडीचा उरलेला सांगाडाही तेच रीतसर कागद करून घेणार होते.

तरी त्यांनी हेडला हात लावला नाही. "मी नै उचलणार," म्हणाले. "मालकाने आपल्या हाताने द्यायचं, मालकाने आपल्या हाताने घ्यायचं. मग माझं काम." तेव्हा एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने बिरूने. चांगलंच जड होतं. माझ्या चादरीवरून आम्ही ते त्याच्या चादरीवर नेऊन ठेवलं. मधलं अंतर चार पावलांचं. ठेवल्यावर त्याने वाकून हेडला हात लावला आणि तो कपाळाला लावला. वकीलसाहेब बाकावरून उठून उभे राहिले होते.

रविवार

लेथवाला ओळखीचा होता. त्याने शनिवारीच हेडची पातळी बघून दिली. रविवारी सकाळपासून जुळणी. मला आता तिथे बसायची गरज नव्हती, मालक बिरू होता. पण मी गेले. हेही आले, येताना सगळ्यांसाठी गरम भजी घेऊन. हसनभाईंच्या घरून खिम्याचा डबा आला. बिरू माळकरी, तो भज्यांवर राहिला. आम्ही खिम्यावर.

ऊन कलताना हसनभाईंनी बिरूला किल्ली फिरवायला सांगितली. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. बिरूचा चेहरा बघवेना. हसनभाईंनी डिझेलच्या नळीतली हवा काढली, "बिस्मिल्ला" म्हणाले, आणि तिसऱ्यांदा गाडी लागली. आधी खोकली, धूर टाकला, मग एका लयीत चालायला लागली. अर्धा तास ती तशीच चालू ठेवून हसनभाई पाण्याचा काटा बघत राहिले. काटा मध्यावर आला आणि तिथेच थांबला.

बिरू निघाला. "गार पाणी ओतू नका हो," एवढंच मी म्हटलं. तो हसला आणि गाडी बोळातून मागे घेत गेला.

सोमवार, बसस्टँड

कराडकडे जाणाऱ्या एसटीत आम्ही खिडकीची जागा धरून बसलो होतो. बारा वर्षांनी एवढ्या लांब मी दुसऱ्याच्या गाडीतून निघाले होते. मांडीवर दोन पिशव्या. नऊ वाजले होते. मी फोन हातातून खाली ठेवत नव्हते. पुन्हा उकळली असली तर? चाक बसलं असलं तर? सव्वानऊ झाले. साडेनऊ झाले. कंडक्टरने बेल मारली आणि त्याच वेळी फोन वाजला. नंबर बिरूचा, आवाज मुलीचा.

"मावशी, म्या काजल. पोचलो की आमी. पाची बी."

"किती वाजता पोचलात?"

"मगाच. गेट बी उघडलं न्हाय अजून. मामा म्हणले, हितंच झाडाखाली बसून वाचा. आन् तुमास्नी फोन लाव म्हणले."

"रडायचं नाही हं आज," मी म्हटलं. "प्रश्न नीट वाच. सोपे आधी सोडव."

"व्हय, व्हय," ती घाईने म्हणाली. तिच्या मागे बाकीच्या मोठ्याने काहीतरी पाठ करत होत्या. मग फोन बंद झाला. मी खिडकीकडे तोंड करून बसले. पण सदतीस वर्षं झालेल्या माणसाला पाठीवरूनही कळतं.

"गाडी गेली म्हणून रडतेस?" ह्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "वेळेवर पोचली म्हणून."